मेलबर्नमधील एका मालमत्ता-गुंतवणूक सल्ला सेवेचा अनुभव

भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यावा की नाही हे ठरवण्याआधी, 2025 मध्ये, आम्ही मेलबर्नमधील एका सल्ला कंपनीची सशुल्क सेवा घेतली. करनियम समजून घ्यायचे असतील तर ही सेवा खरोखर चांगली आहे. घर घेण्याचा निर्णय मात्र तिच्या भरवशावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निगेटिव्ह गिअरिंग, म्हणजे भाड्यापेक्षा व्याज आणि इतर खर्च जास्त झाल्यास तो तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा, सल्लागारांनी अतिशय नेमकेपणाने उलगडून सांगितली. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने ही मुभा काढून घेतली आणि 1987 मध्ये पुन्हा दिली, तर वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या मालमत्तेच्या नफ्यावरील 50 टक्के सूट 1999 मध्ये आली, हा इतिहासही त्यांना पाठ होता. भाड्याच्या घराच्या पाहणीसाठी केलेल्या प्रवासाचा खर्च 2017 पासून वजा करता येत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

खटकला तो त्यांनी तयार केलेला तक्ता. त्यात वर्षाचे भाडे 26,000 डॉलर, व्याज 30,000 आणि इतर खर्च 8,000 धरला होता, म्हणजे तोटा 12,000 डॉलर. 2024-25 च्या दरांनुसार 30 टक्क्यांच्या टप्प्यातील पगारदाराला, मेडिकेअर लेव्हीचे (सार्वजनिक आरोग्यसेवेसाठीच्या कराचे) 2 टक्के धरून, यातले 3,840 डॉलर करातून सुटतात. ही रक्कम तक्त्यात भाड्याच्या खालोखाल ‘उत्पन्न’ म्हणून मांडली होती. पण उरलेले 8,160 डॉलर दरवर्षी आपल्याच खिशातून जाणार, हे दाखवणारी ओळ मात्र कुठेच नव्हती. किमती पुरेशा वाढल्या तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो, आणि ती वाढ त्यांनी गृहीतच धरली होती. बांधकाम खर्चावर दरवर्षी मिळणारी 2.5 टक्के वजावट विक्रीच्या वेळी खरेदी किमतीतून वजा होते आणि करपात्र नफा तेवढा फुगतो, हेही सांगायचे राहिले. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात, जमिनीची किंमत जिच्यापुढे गेल्यास दरवर्षी जमीन कर लागतो ती मर्यादा 2024 पासून 3,00,000 वरून 50,000 डॉलरवर आली आहे. तो करही हिशेबात धरलेला नव्हता.

दाखवलेले बहुतेक फ्लॅट ठरावीक बिल्डरांचे होते, आणि विचारल्यावर त्यांच्याकडून कमिशन मिळते हे सल्लागारांनी मान्य केले. ऑस्ट्रेलियात घर हे कायद्याने वित्तीय उत्पादन मानले जात नाही, त्यामुळे शेअरबाबत सल्ला देणाऱ्याला लागतो तसा परवाना इथे लागत नाही. ग्राहकाने हे आधीच जाणून असावे.

गुंतवणूकदारांमुळे घरे महागतात का, हा विषय मी मुद्दाम काढला. ‘तुम्ही भाडेकरूला घर पुरवता’ हे त्यांचे उत्तर नव्या बांधकामाबाबत मला पटते. जुने घर घेतले तर घरांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही, फक्त मालक बदलतो. आणि लिलावात समोर बोली लावणाऱ्या, पहिलेच घर घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला आपल्या कर्जाचे व्याज करातून वजा करता येत नाही. स्वतः राहत्या घराच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही हे खरे, पण ते घर आधी हाती तर यायला हवे. बिल शॉर्टन यांच्या नेतृत्वाखालील, तेव्हा विरोधात असलेल्या लेबर पक्षाने निगेटिव्ह गिअरिंगची वजावट नव्या घरांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव 2016 आणि 2019 च्या निवडणुकांत मांडला आणि दोन्ही वेळा पक्ष हरला, म्हणून नियम बदलणारच नाहीत, हा सल्लागारांचा दावा मला धाडसाचा वाटला. वीस-तीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याला सवलत कायम राहील असे धरून चालता येणार नाही.

सेवा घ्यायचीच असेल तर शुल्क भरण्यापूर्वी कमिशनची माहिती लेखी मागावी, करसवलत आणि किंमतवाढ शून्य धरून दुसरा तक्ता करून घ्यावा, आणि तो कंपनीशी संबंध नसलेल्या नोंदणीकृत टॅक्स एजंटला दाखवावा. आमच्या टॅक्स एजंटने जमीन कराची चूक पहिल्याच भेटीत दाखवून दिली, आणि आम्ही तो फ्लॅट घेतला नाही.