शुगर-बीपीवाल्यांना प्रोटीनचा डबा विकणाऱ्यांपासून सावध राहा

दारव्हा-दिग्रसकडच्या लोकांनी हे वाचाच, घरी शुगरचा पेशंट असेल तर नक्की. आमच्या गावात फ्री चेकअप शिबिर लागलं होतं, मशीनवर उभं केलं की कागद निघतो, त्यावर माझ्या काकांचं शरीराचं वय ७० च्या वर दाखवलं. मग शिबिरातला पोरगा म्हणे, "काकाजी, तुमचे मसल्स गळून राहिले, वजन उचला, हा डबा घ्या, तीन महिन्यात गोळ्या बंद."

यातलं अर्धं खरं आहे म्हणूनच माणूस फसतो. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, जागतिक आरोग्य संघटना पण आठवड्यात किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम करा म्हणते. पण शुगरची न् बीपीची गोळी सोडायला सांगणारा हा कोण? डबा ४,८०० चा, सोयाबीनच्या पैशातून तीन घेतले, सगळं नगदी आणि बिल नाही.

नंतर काकांना चक्कर, रात्रभर लघवी, यवतमाळला नेलं तर उपाशीपोटी शुगर २८० च्या वर. डॉक्टरांनी डबा मागवून लेबल दाखवलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि पहिलंच नाव होतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, ती शुगर जवळपास ग्लुकोजसारखीच झपाट्याने चढवते, अन् हेच शुगरच्या माणसाला दोन टाईम दुधातून पाजत होते! खाली ग्लायसीन पण होतं, स्वस्तातलं अमिनो ॲसिड, लॅबमध्ये नायट्रोजन मोजून प्रोटीनचा आकडा काढतात, तो फुगवायला हे टाकतात. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा १४ आकडी नंबर त्यांच्या साईटवर टाकला तर भलत्याच जिल्ह्यातलं मसाल्याचं दुकान निघालं. संताप येतो हो.

डायबिटीस, हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे गावात कोणाला माहीत नसतं.

डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्या, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची रक्ततपासणी केली, कारण किडनी कमजोर असेल तर जास्तीचं प्रोटीन मनाने घेऊच नये. व्यायाम मात्र बंद करू नका म्हणाले. प्रोटीन किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम धरतात, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम, ते वरण, चणे, अंडी, दही, सोयाबीन वडीतून निघतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली तर पहिला प्रश्न बिलाचाच आला. आणि तो पोरगा आता पुसदकडे शिबिरं घेऊन राहिला, मशीन तेच, डब्याचं नाव फक्त बदललं आहे.