नमुना अ‍ॅल्युमिनियमचा, माल लोखंडाचा

दुकानात टांगलेला, गाडीच्या टपावर सामान ठेवायचा रॅक मी एका हाताने उचलला होता. आमच्या गाडीवर जो चढला तो उचलायला दोन पोरं लागली, आणि वर टेकवताना त्यातल्या एकाच्या तोंडून "अरे धर, धर" निघालं. मी तीन हातांवर उभा होतो, कचोरी खात. सगळं दिसलं आणि डोक्यात काही शिरलं नाही. साडेसव्वीस हजार गेले त्यापेक्षा या गोष्टीचा राग मला अजून जास्त येतो.

गाडी मारुतीची जिम्नी. २०२३ मध्ये पाच दारांची आली, त्याच वर्षी दिवाळीला घेतली. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीतच असेल, चौघं बसली की मागे उरते ती २०८ लिटरची डिकी. दोन मध्यम बॅगा आणि आईची पिशवी ठेवली की दार दाबून लावायचं. आम्ही घरात चौघंच, म्हणजे मागची सीट पाडायचीही सोय नाही. पावसाळ्यात जाम गेटवरून घाट उतरून महेश्वरला दोन दिवस राहायचं ठरत होतं, बरोबर घडीच्या खुर्च्या, ताडपत्री, छोटा गॅस. सामान छतावर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आपल्या इंदुरात याला सरळ कॅरिअर म्हणतात. रूफ रॅक म्हणून विचारलंत की दुकानदाराला कळतं, हा व्हिडिओ बघून आलाय. मी रूफ रॅक म्हणूनच विचारलं होतं.

"भिया, हाथ में लेके देखो. एल्युमिनियम है, ज़िंदगी में जंग नहीं लगेगी. डेढ़ सौ किलो रख दो ऊपर." मी हातात घेऊन पाहिलं. खरंच हलका, काळा मॅट पावडर कोटिंग, कडा घासून गोल केलेल्या, खाली चांगल्या जाड रबराचे क्लॅम्प. दाखवलेला माल अस्सल होता, हे मी आजही म्हणेन. मी विचारलंही, की गाडीच्या पुस्तकात छतावर ३० किलोच लिहिलंय, मग तुमचे दीडशे कसे? तो हसला. "वो तो कंपनीवाले डर के मारे लिखते हैं."

इथेच उठून यायला हवं होतं. दीडशे हा आकडा हवेतला नसतो, म्हणून तर तो पटतो. गाडी उभी असताना छत बरंच जास्त वजन पेलतं. वर तंबू लावून माणसं झोपतात ती त्याच जोरावर. पण पुस्तकातले ३० किलो असतात चालत्या गाडीचे. ब्रेक लागला की वरचं वजन पुढे धावतं, वळणावर बाहेर ओढतं, खड्ड्यात आपटतं, आणि जिम्नीसारखी उंच, अरुंद गाडी वरून जड झाली की कलायला वेळ लागत नाही. शिवाय रॅक किती पेलतो आणि छत किती पेलतं हे दोन वेगळे आकडे. दुकानदार नेहमी मोठा सांगतो, चालतो नेहमी छोटा. आणि त्या ३० किलोंत रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी रॅकचं वजन किती, एवढाही प्रश्न केला नाही.

गंमत अशी की त्याच दिवशी मी मोठा शहाणाही ठरलो होतो. त्याने पुढे लावायचा लोखंडी बंपर गार्ड गळ्यात मारायला पाहिला. मी ऐटीत सांगितलं, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने असल्या गार्डांवर कारवाई करा म्हणून राज्यांना लिहिलंय, मोटार वाहन कायद्याचं, गाडीत मनाने फेरफार करू न देणारं कलम ५२ आडवं येतं, मला नको. तो म्हणाला, "आप तो जानकार आदमी हो." या एका वाक्यावर मी पुढचे पैसे दिले असावेत.

पक्क्या बिलाचे पाचेक हजार जास्त होत होते. नको म्हटलं. पंधरा हजार यूपीआयने दिले, उरलेले रोख. हातात आली ती पाठकोऱ्या कागदावरची चिठ्ठी: लगेज कॅरिअर, १ नग. धातू कुठला, वजन किती, काही नाही. माल आत गोडाऊनमध्ये आहे, उद्या गाडी आणा म्हणाला. टांगलेला नमुना टांगलेलाच राहिला.

बायपासला गाडी सत्तरच्या वर गेली की छतावर कोणीतरी बासरी शिकायला बसल्यासारखा आवाज यायचा. तो मी हवेचा धरला, आणि तो हवेचाच होता. त्यासाठी पुढे पट्टी लावतात. जुलैमध्ये निघालो. जाम गेटला ढग इतके खाली की अहिल्याबाईंनी बांधलेला तो दरवाजा गाडीतून नुसता काळा ठिपका दिसत होता. मग निमाडाकडे उतार सुरू झाला, वळणामागून वळण, दर वळणाला ब्रेक. मंडलेश्वरच्या अलीकडे चहाला थांबलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, टपावरचं सामान पुढे आलंय." सामान नाही, अख्खा रॅक पुढे आला होता, चार बोटं. छताच्या दोन्ही कडांना जी पन्हळ असते, जिला सगळे गटर म्हणतात, तिच्यावर सहा क्लॅम्प धरून बसतात. आमच्या सहाही क्लॅम्पांच्या आत रबर नव्हतंच. लोखंड थेट रंगावर. नट साधे, हादऱ्याने ढिले न होणारे नायलॉक नाहीत. दोन तर हाताने फिरत होते. पंक्चरवाल्याकडून पाना घेऊन आवळले, बॅगा पायाशी घेतल्या आणि तसेच महेश्वर गाठलं. आई वाटभर काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा महाग पडतं.

घरी आल्यावर आठ दिवसांनी पुढच्या दारावर तांबूस ओघळ दिसला. गाडी पांढरी, त्यामुळे लपायला जागा नाही. पुसला, पुढच्या पावसात पुन्हा. रॅकच्या पाइपच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी नखाने उचकटली तर आतून चहाच्या रंगाचं पाणी गळालं, खाली पापुद्र्यांसकट. अ‍ॅल्युमिनियम असं गंजत नाही.

आईच्या शिवणाच्या डब्यात एक लोहचुंबक आहे, फरशीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं. ते आणून लावलं. टक्‌ करून चिकटलं. दुसऱ्या पाइपला, मधल्या पट्ट्यांना, क्लॅम्पना, सगळीकडे टक्‌. मागून आई म्हणाली, "हे दुकानात न्यायचं होतंस."

रॅक काढून गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. ३३ किलो ४०० ग्रॅम. पत्रा पातळ वापरला होता म्हणून तेवढ्यावर थांबलं, नाहीतर त्याच मापात लोखंड अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट भरतं. म्हणजे एक रुमाल वर न ठेवताही मी मर्यादेच्या बाहेर होतो. त्या दिवशी घाटात वर ४५ किलोच्या आसपास सामान होतं. बेरीज तुम्हीच करा. मी एकदा केली आणि रात्री झोप लागली नाही.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं. "हमने कब बोला एल्युमिनियम? पर्ची में लिखा है क्या?" चिठ्ठीत नव्हतंच. पण माल आल्याचा त्याचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनवर पडून होता: "भिया, एल्युमिनियम वाला आ गया, कल ले आओ गाड़ी." तो मी त्याच्यासमोर, दोन गिऱ्हाइकं उभी असताना मोठ्याने वाजवला. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार आधीच नोंदवली होती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेही सांगून ठेवलं. यूपीआयच्या पंधरा हजारांचा पुरावा होता, तेवढे त्याने तीन आठवड्यांत, तीन तुकड्यांत परत केले. रोख दिलेल्या साडेअकरा हजारांचा मी उल्लेख केला की तो चहा मागवायचा. शेवटी मीच जाणं सोडलं.

आता कोणी घेत असेल तर चुंबक खिशात घेऊनच जा, आणि ते एकाच ठिकाणी लावून समाधान मानू नका. वरच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि खालची चौकट लोखंडी, असाही माल मी नंतर पाहिला. लोखंडाचा घ्यायलाही हरकत नाही, स्वस्त पडतो, मजबूत असतो. पण मग लोखंड म्हणून, लोखंडाच्या भावात, आणि आपल्या गाडीचं छत तेवढं सोसत असेल तरच. दाखवलेला नग आणि बसवायचा नग एकच आहे ना ते बघा, बसवायच्या आधी काट्यावर ठेवायला लावा. का कू करणाऱ्याकडून घेऊच नका. बिलावर धातू आणि वजन लिहून घ्या. क्लॅम्पच्या आत बोट घालून रबर चाचपा. पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

मी दुसरा घेतला तो पक्क्या बिलाने, घरचा वजनकाटा डिकीत घालून नेला होता. १६ किलो भरला. वर चौदा किलोची जागा उरते, म्हणून खुर्च्या, ताडपत्री आणि एखादी कपड्यांची बॅग वर. गॅस, पाणी, डबे सगळं खाली, पायांच्या अडचणीत. पहिला रॅक भंगारात दिला. गटरवर जुन्या क्लॅम्पनी सहा जागी रंग खरवडून पत्रा उघडा केलाय, तिथे टच-अप मारूनही दर पावसाळ्यात तांबडं फुटतं. यंदा दोन जागी आत शिरलंय, डेंटरने गटर घासून नव्याने रंगवायला सात हजार सांगितलेत.