गरोदरपणात मेथाडोन की ब्युप्रेनॉर्फिन? बाळाच्या बाजूने तुलना

गर्द किंवा वेदनाशामक ओपिऑइडचं (अफूच्या जातीच्या औषधांचं) व्यसन असताना दिवस राहिले की घरचे पहिलं सांगतात, ‘आजपासून सगळं बंद.’ हा तिसरा पर्याय आधीच बाजूला ठेवा. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, आई सोसेलही, पण पुन्हा नशेकडे वळण्याचं प्रमाण फार मोठं आहे, आणि तोवर शरीराची सवय मोडलेली असल्याने जुनाच डोस जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे नशेच्या जागी देऊन टर्की आवरणाऱ्या दोन औषधांपैकी एक, मोजून, रोज, देखरेखीखाली देतात.

दोन्ही वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. त्यामुळे जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळालाही टर्की येऊ शकते: कर्कश रडणं, थरथर, दूध नीट न ओढणं. इथे ब्युप्रेनॉर्फिन सरळ उजवं ठरतं. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियात झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गटातल्या बाळांना टर्की उतरवायला सरासरी १.१ मिलिग्रॅम मॉर्फिन पुरलं, मेथाडोन गटात १०.४ लागलं. रुग्णालयातला मुक्काम १० दिवस, तिकडे १७.५. अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरून २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासातही अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ब्युप्रेनॉर्फिनवर १४.४ टक्के, मेथाडोनवर २४.९ टक्के होती.

पण २०१० च्या त्याच चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या ३३ टक्के बायकांनी उपचार अर्ध्यावर सोडले. मेथाडोनच्या १८ टक्क्यांनी. माझ्या मते निर्णय करताना हाच आकडा सगळ्यात जड आहे. सोडून दिलेलं ‘चांगलं’ औषध बाळाच्या काय कामाचं?

मेंदूचा प्रश्न अवघड आहे. ओपिऑइडच्या संपर्कात आलेल्या नवजात बाळांच्या एमआरआयमध्ये मेंदूचं आकारमान सरासरीने थोडं कमी दिसलं आहे. पुढे लक्ष देणं, बोलणं, शिकणं यांतही अशी मुलं सरासरीत जरा मागे दिसतात. मात्र यातला किती दोष औषधाचा आणि किती तंबाखू, अपुरा आहार, गरिबी, विस्कटलेलं घर यांचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. वरच्या चाचणीतल्या ९६ मुलांना तीन वर्षांपर्यंत तपासलं, तेव्हा दोन औषधांच्या गटांत वाढीत किंवा आकलनात ठोस फरक सापडला नाही. म्हणजे ‘मेथाडोनने पोराचं डोकं बिघडेल’ म्हणून औषध बदलण्याला आधार नाही. सिगारेट मात्र नक्की सोडा. तिने बाळाचं वजन घटतं आणि टर्कीही वाढते.

मेथाडोनवर आधीच स्थिर असाल तर तिथेच राहा. मध्येच ब्युप्रेनॉर्फिनवर येताना एकदम टर्की उसळू शकते. नव्याने सुरुवात असेल तर मी ब्युप्रेनॉर्फिनकडे झुकेन. आपल्याकडच्या ओएसटी केंद्रांत (नशेऐवजी असं औषध देणाऱ्या केंद्रांत) जिभेखाली ठेवायची हीच गोळी प्रामुख्याने मिळते, मेथाडोन मोजक्याच ठिकाणी. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, विशेषतः मेथाडोनचा, डोस वाढवावा लागतो किंवा दोनदा विभागून द्यावा लागतो. त्याने घाबरून स्वतःच डोस कमी करू नका.

प्रसूतीच्या रुग्णालयाला आधीच सगळं सांगा. कांजिण्या-काविळीइतक्या सहजपणे सांगता येत नाही, ठाऊक आहे. पण बाळाला चार-सात दिवस निरीक्षणाखाली ठेवायचं असतं. त्या काळात ते आईजवळच असावं, अंधाऱ्या शांत खोलीत, छातीशी. आई औषधावर स्थिर असेल, दुसरी नशा नसेल आणि दुसरं वैद्यकीय कारण आड येत नसेल, तर दोन्ही औषधांवर अंगावर पाजता येतं. केंद्र कुठे आहे ते माहीत नसेल तर १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर विचारा.