गंगापूर रोडचा डाएट डबा: फॉर्म चोख, तेलात गफलत

या डब्याची जमेची बाजू म्हणजे सुरुवातीचा फॉर्म. वजन, उंची, वय विचारून मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्राने, म्हणजे विश्रांतीतही शरीराला किती कॅलरी लागतात ते काढायच्या पद्धतीने, हिशेब मांडतात. ६० किलो, १५५ सेंमी, ४० वर्षांची बाई घ्या: ६०० (वजन × १०) + ९६९ (उंची × ६.२५) − २०० (वय × ५) − १६१ (बायकांसाठीची ठरलेली वजावट), म्हणजे नुसत्या विश्रांतीला १२०८ कॅलरी. बैठं काम असेल तर गुणिले १.२, साधारण १४५०. गडबड इथेच होते. आठवड्यातून दोनदा जिमला जाणाऱ्यांनाही सरसकट मध्यम व्यायामाचा १.५५ लावतात, आकडा थेट १८७२! हलक्या व्यायामाचा १.३७५ लावायला ठामपणे सांगा.

डब्यात बाजरीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. चव झकास, मटकी अख्खी, गाळ न झालेली. पण वर तर्रीचा जाड तवंग. एक टेबलस्पून तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि झाकणावरच्या आकड्यात ते धरलेलं दिसत नाही. तर्री वेगळी मागा, देतात.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली तरी याच बाईला रोज ५० ग्रॅम हवीत. एका डब्यात ती भागत नाहीत, रात्री डाळ-दही वाढवा. लिंबाची फोड रोज असते, हे फार चांगलं; मटकी-बाजरीतलं लोह त्याने जास्त चांगलं अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र टाळा, त्याने लोह कमी अंगी लागतं.