पॉवर स्टिअरिंग पंपाचं सील किट: घेण्याआधी गळती नेमकी कुठे ते बघा

शाफ्ट सील (पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं सील) आणि चार-पाच ओ-रिंग (सांध्यातल्या गोल रबरी रिंगा) असलेलं हे किट जुन्या गाडीच्या गळक्या पंपासाठी पैसे वसूल आहे, पण पंप खरंच गळत असेल तरच. स्टिअरिंग तेलाच्या टाकीत फेस येतोय आणि स्टिअरिंग वळवताना घरघर होतेय? मग आधी टाकीकडून पंपाकडे जाणारा होज आणि त्याचा क्लॅम्प तपासा. तिथून हवा ओढली जाते, तेल मात्र बाहेर दिसतही नाही.

पंपाची पुली (पट्ट्याचं चाक) हातोडीने ठोकून काढू नका, पुलरच (ती ओढून काढायचं हत्यार) वापरा. सील बसवण्याआधी शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, नवं सीलही गळणारच. ओ-रिंग जुन्याशेजारी ठेवून जाडी जुळवा. किटमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन असतात, फसगत तिथेच होते.

तेल मॅन्युअलप्रमाणेच. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग १५-२० वेळा हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मधूनमधून तेल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. टोकाला ५ सेकंदांहून जास्त धरू नका.

किटमधली एकच उणीव: माहितीपत्रकात सीलची दिशा नीट दाखवलेली नाही. सीलमधल्या स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवा.