परवाना सक्तीचा, नोंदणी की नुसते प्रमाणपत्र? मुंबईतल्या धंद्यांवरून ठरवताना

मुंबईत रुग्णालयातल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावीच लागते. तोच रुग्ण घरी आला की ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना कुणी कागद विचारत नाही. महापालिकेच्या नळजोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो, त्याच्या परवान्याची तरतूद १८८८ च्या महापालिका कायद्यातच आहे. भिंती फोडून फ्लॅटचे नूतनीकरण करणाऱ्या मेस्त्रीला मात्र असा कुठलाच परवाना लागत नाही. कुठल्या कामाला परवाना हवा याचा एकत्र विचार आपल्याकडे झालेला नाही. ज्या काळात जो कायदा आला तो राहिला.

सरकार एखाद्या धंद्याच्या नियमांचा मसुदा काढते तेव्हा हरकती-सूचना मागवते. धंद्यातल्या संघटना हिरिरीने लिहितात, गिऱ्हाईक सहसा गप्प बसते. असा मसुदा तुमच्या हाती आला तर काय लिहायचे, हे ठरवण्यासाठी ही तुलना.

घटनेचे कलम १९ कोणताही धंदा करण्याचा हक्क देते. त्याच कलमाचा खंड ६ सरकारला व्यावसायिक किंवा तांत्रिक पात्रता ठरवू देतो. सरकारपुढे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. परवाना, म्हणजे तो नसेल तर काम करणे गुन्हा. नोंदणी, म्हणजे नाव-पत्ता सरकारदरबारी, पण परीक्षा नाही. प्रमाणपत्र, म्हणजे सरकार किंवा संस्था कौशल्याची खात्री देते, घ्यायचे की नाही हे कारागिरावर आणि बघायचे की नाही हे गिऱ्हाइकावर.

परवान्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम उदाहरण विजेच्या कामाचे आहे. नवा मीटर घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तारतंत्रीला, म्हणजे वायरमनला, परवाना आणि पर्यवेक्षकाला सक्षमता प्रमाणपत्र राज्य सरकारची विद्युत निरीक्षण यंत्रणा देते. हे योग्यच आहे, कारण भिंतीआडची वायर तुम्हाआम्हाला दिसत नाही. अर्थिंग बरोबर आहे की नाही हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि चाळीतल्या एका खोलीतल्या चुकीच्या जोडणीची आग शेजारच्या खोलीला विचारून येत नाही. म्हणून ‘ज्याला स्वस्तातला माणूस हवा त्याने तो घ्यावा’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. स्वस्ताईचा फायदा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा, असा हा मामला आहे.

पण परवाना लिहिला म्हणजे पाळला गेला, असे नाही. औषधाच्या दुकानांचेच बघा. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्याने औषध देऊ नये, हे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. म्हणजे परिचारिकेसारखीच ही नावाला नोंदणी, कामाला परवाना. प्रत्यक्षात प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट दुकानात हजर असलाच पाहिजे म्हणून मोहीम निघाली, तेव्हा राज्यातल्या औषध विक्रेत्यांनी जोरदार विरोध केला. ती मोहीम मला आवश्यक वाटते. तपासणी नसलेला परवाना गिऱ्हाइकाला खोटा धीर देतो, आणि हा धीर परवाना नसण्यापेक्षा घातक, कारण मग माणूस स्वतः चौकशी करणे सोडून देतो.

आता उलट बाजू, आणि ती समजून घ्यायला रिक्षासारखे दुसरे उदाहरण नाही. या एका धंद्यात तीन कागद आहेत. वाहन चालवता येते का, हे लायसन सांगते. प्रवासी वाहतूक करायला हा माणूस योग्य आहे का, हे बॅज सांगतो. त्यात पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी येते. तिसरे परमिट. ते माणसाबद्दल काहीच सांगत नाही, रस्त्यावर गाड्या किती ते मोजते. १९९७ मध्ये मुंबईत नव्या परमिटांवर बंदी आली, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या वीस वर्षांत शहर वसई-विरार, पनवेलपर्यंत फुगले, आणि जुन्या परमिटांचे भाव लाखांत गेले. बॅज खिशात असलेला, रस्त्यांची खडान्‌खडा माहिती असलेला चालक दुसऱ्याच्या गाडीवर शिफ्ट मारत राहिला आणि कमाईतला वाटा रोज मालकाला देत राहिला. त्या वाट्याच्या बदल्यात प्रवाशाला काय मिळाले? सुरक्षितता वाढली नाही, जवळचे भाडे नाकारणे थांबले नाही. रस्ते तुंबतात म्हणून संख्येवर मर्यादा घालायची, हे कारण मी उडवून लावत नाही. पण त्याच वीस वर्षांत खासगी मोटारींवर अशी मर्यादा कुणी घातली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

परमिटाला आणखी एक अट जोडून पाहिली गेली. २०१६ मध्ये परमिटासाठी मराठी येणे सक्तीचे करणारे परिपत्रक निघाले आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. रिक्षात मराठी ऐकू यावी असे मलाही मनापासून वाटते. प्रवाशाशी बोलणारा चालक असतो, त्यामुळे भाषेचा प्रश्न बॅजच्या वेळी विचारणे समजू शकते. गाड्या मोजणाऱ्या कागदात तो घुसवला की मूळ हेतू बाजूला पडतो.

फेरीवाल्यांचा परवाना या सगळ्यापेक्षा वेगळा, कारण तिथे प्रश्न जागेचा आहे. पदपथ सगळ्यांचा, म्हणून संख्या ठरवणे भाग आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायला सांगितले. त्याच वर्षी महापालिकेच्या सर्वेक्षणात ९९ हजारांवर अर्ज आले. २०२४ मध्ये नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदार यादीत ३२ हजारांच्या आसपास नावे होती. बाकीच्यांनी भाजी विकणे थांबवले का? ते आजही तिथेच आहेत, रोजच्या धास्तीत. गरजेपेक्षा फार कमी परवाने काढले की उरलेला धंदा हप्त्यावर चालतो.

नोंदणीबद्दल थोडक्यात. घरांच्या दलालांना रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागू झाली, क्रमांक संकेतस्थळावर तपासता येऊ लागला. २०२३ मध्ये त्यावर प्रशिक्षण आणि परीक्षा चढवली गेली. हा क्रम मला आवडतो: आधी माणूस सापडेल अशी सोय, मग धंद्यात कुठे पाणी मुरते ते बघून परीक्षा. आयुष्यभराची पुंजी जिथे एका सहीवर जाते, तिथे एवढे हवेच. माथाडींची नोंदणी मात्र या पंगतीत धरू नका. १९६९ च्या कायद्याने आलेली ती मंडळे हमालाची मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी सांभाळायला आहेत.

परवाना काढून टाकल्यावर काय होते, याचा धडा जर्मनीत मिळतो. तिथे २००४ मध्ये ५३ हस्तव्यवसायांतली ‘मास्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, या पात्रतेची अट काढली, त्यात फरशी बसवणारेही होते. एकेकट्याने धंदा सुरू करणारे भराभर वाढले, पण शिकाऊ मुले हाताखाली घेणारे कमी झाले. २०२० मध्ये १२ व्यवसायांना अट परत लागली, फरशीवाल्यांनाही. परवान्याच्या विरोधकांनी हे लक्षात घ्यावे: उस्ताद टिकले तर शागीर्द घडतात.

तरीही आपल्याकडे परवाना मागताना कुणाला दाराबाहेर ठेवतो आहोत, ते आधी पाहावे. वीस वर्षे पाइप जोडणारा, पण दहावी न झालेला माणूस या शहरात गल्लोगल्ली आहे. त्याच्यापुढे आयटीआयचे वर्षभराचे शिक्षण ठेवणे म्हणजे वर्षभराची मजुरी सोडायला सांगणे. तो काम सोडत नाही. परवाना असलेल्याच्या सहीखाली, कमी पैशांत तेच काम करतो. म्हणून कागदी शिक्षणाच्या अटीऐवजी हातातले काम बघणारी चाचणी हवी. पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय कौशल्य विकासाच्या योजनांत आहेच, ती परवान्याला जोडावी.

कसोटीला एसी बसवणाऱ्यांचे काम घेऊ. मसुदा आला तर मी असे लिहीन. घरातल्या दुरुस्तीला प्रमाणपत्र पुरे. काम वाईट झाले तर गिऱ्हाइकाला कळते आणि पुढच्या वेळी ते दुसऱ्याला बोलावते. मात्र उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर युनिट टांगायला परवाना असावा, कारण ते निसटले तर खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडेल. बऱ्याच नव्या एसींत आर-३२ वायू असतो, तो थोडासा पेट घेणारा आहे, म्हणून वायू भरण्याची चाचणीही त्यात यावी. परवाना कामाला माणूस पाठवणाऱ्याच्या नावावर असावा आणि सुरक्षा पट्टा, दोर ही त्याची जबाबदारी. चाचणी मराठीत आणि हिंदीत, प्रत्यक्ष काम करवून घेणारी. अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा. आणि परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे कलम मसुद्यात कुठेही दिसले, तर माझी पहिली हरकत त्या कलमाला असेल.