एकाच अंगावर दोन आजार : बालत्वचारोग चिकित्सालयाचा आमचा अनुभव

आमच्या सात वर्षांच्या मुलीला तान्हेपणापासून अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे इसब, आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या टाळूवर कोंड्याचे जाड थर साचले आणि बेंबीभोवती ठळक कडांचे लाल चट्टे उठले, तेव्हा एका डॉक्टरांनी इसबच बळावल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी बुरशीचा संसर्ग समजून मिश्र मलम दिले. त्यातील स्टेरॉइडने चट्टे आठवडाभर फिके पडले आणि मलम थांबताच अधिक पसरले. त्यानंतर आम्ही पुण्यातील या चिकित्सालयात आलो.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मुलीला नखशिखांत तपासले. कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांमागे खाजवून जाड झालेली कोरडी कातडी इसबाची, तर टाळू, कानांमागची जागा व बेंबी येथील चट्टे आणि नखांवरचे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे सोरायसिसचे, म्हणजे त्वचेवर पापुद्रे धरणारे लाल चट्टे उठवणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे, असा उलगडा त्यांनी केला. मुलांमधील सोरायसिसचे पापुद्रे मोठ्यांपेक्षा पातळ असल्याने तो इसबासारखा भासतो, आणि दोन्ही आजार एकाच मुलात असू शकतात. हा भेद उपचारांत महत्त्वाचा ठरतो, कारण इसबाचा जोर ओसरावा म्हणून पोटातून दिलेले स्टेरॉइड थांबवल्यावर सोरायसिस उसळू शकतो. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे घसा बिघडला तरी सोरायसिस वाढू शकतो, म्हणून दर भेटीत घसाही पाहतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मलम लावण्याची शिकवणी. परिचारिकेने शरीराच्या रेखाचित्रावर कोणते मलम कुठे लावायचे ते रंगवून दिले. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली रेघ साधारण 0.5 ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हे तिने सासूबाईंच्या बोटावरच दाखवले. दुपारी औषध त्याच लावतात, त्यामुळे घरातील अर्धा गोंधळ तिथेच मिटला.

त्रुटीही आहेत. शनिवारी वेळ ठरवूनही दोन-दोन तास थांबावे लागते, आणि खाजेने कासावीस झालेल्या मुलांसाठी प्रतीक्षागृह फार उकाड्याचे आहे. औषधचिठ्ठी केवळ इंग्रजीत मिळते. ती मराठीत मिळायलाच हवी. तरीही मी पाचपैकी चार तारे देते. येताना आधीच्या सर्व चिठ्ठ्या आणि वापरलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबही आणाव्यात. आमच्या मुलीच्या मिश्र मलमातील स्टेरॉइड त्यावरूनच लक्षात आले.